पेला क्रमांक सात

पितालितोत शनिवारी दोनदा वीज जाते,
म्हणून भाजणं सकाळीच उरकलं.
तीन किलोचं यंत्र, दुबेर्नीनं
गॅसच्या जुन्या सिलिंडरपासून जोडलेलं.
त्याला कान लावून बसावं लागतं:
पहिली तडतड, लाह्यांसारखी,
मग एक शांतता.
त्या शांततेत हात आवरला तर कॉफी,
नाही तर कोळसा.

आई डोंगरावरून उतरली होती दातासाठी.
दवाखाना बंद निघाला, डॉक्टरच्या मुलीचं लग्न.
मग इथे आली,
पुसलेल्या फरशीला बिचकून
रबरी बूट दाराशीच काढून.

टेबलावर आठ पेले मांडलेले.
प्रत्येकात बारा ग्रॅम, जाडसर दळलेली,
तळाला क्रमांक, वर कुणाचंच नाव नाही.
पाणी ओतलं.
पुढची चार मिनिटं कुणी बोलायचं नाही असा नियम नाही,
पण कुणी बोलत नाही.
वर साय धरते, तपकिरी, भेगाळ.
चमच्याच्या पाठीनं ती मोडायची
आणि नाक इतकं खाली न्यायचं
की वाफेनं चटका द्यावा.

आईनं नेलं. म्हणाली,
"ओल्या पोत्याचा वास."
पेला तीन, फाउस्तोकाकांचा.
दुबेर्नीनं वहीत तेच लिहिलं,
फक्त लांबलचक शब्दांत.

मग भुरका, मोठ्यानं,
जिभेवर चहूकडे उडेल असा,
आणि थुंकायचं.
"थुंकायचं? तोंडात आलेलं?"
तिनं आठही पेल्यांतलं गिळलं.
भुरका मात्र आमच्यापेक्षा सरस,
जन्मभर कढत सूप पिऊन कमावलेला.

चारला तिनं तोंड वाकडं केलं.
"लिंबू कुणी पिळलं यात, नेल्सी?"
मी गप्प.
चार म्हणजे आमचीच, वरच्या उताराची,
तिनंच एकेक लाल फळ बघून तोडलेली,
छपराखाली अठरा दिवस
हातानं चाळवत वाळवलेली.
पिशवीवर आम्ही छापतो:
लुलो, उसाचा रस, पांढरी फुलं.
"लुलो परसात आहे माझ्या," आई म्हणाली,
"त्याचं सरबत करतात. साखर घालून."

सातवर मात्र थांबली.
परत चमचा बुडवला. परत.
"ही कॉफी."
"बरं, दोन्या एदुविना," म्हणत दुबेर्नी
माझी नजर चुकवून
पेन्सिलीला टोक काढू लागला.

सात मी दर शनिवारी मुद्दाम मांडते,
जिभा जाग्या आहेत का बघायला.
चाळणीवर उरलेलं:
किडके दाणे, फुटके, अर्धवट पिकलेले,
काळेठिक्कर होईतो भाजलेले.
पासीया.
चांगली ट्रकनं जायची,
घरात हीच राहायची.
आई ती कापडाच्या गाळणीतून गाळायची
गुळाच्या पाण्यात, पहाटे चारला,
अकरा तोडणाऱ्यांसाठी
आणि माझ्यासाठी.

सांगायला मी तोंड उघडलं,
आणि इनॅमलच्या त्या पेल्याचा टवका
ओठाला लागला, आत्ता लागावा तसा.
म्हटलं, "हो. सात."

चारची पिशवी कितीला, तिनं विचारलं.
मी सांगितलं.
ती ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत राहिली,
टोपल्या असतील, किंवा दिवस.
"आंबटाला?"
आणि हसली, दुखऱ्या दातावर हात धरून.

बसला अजून तास होता.
चमचे तिनंच विसळले, मी नको म्हणत असताना.
चारचा पेला तेवढा ओतू दिला नाही,
वाया कशाला घालवायचं म्हणून
दाराशी घेऊन बसली.
निवली की चार बदलते,
हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.
एक घोट. रस्त्याकडे बघत दुसरा.
एका पायात बूट चढवला होता,
दुसरा बूट हातात
तसाच.